पन्नास ओळींचं गाव

फार पूर्वी, शाळा देवळाच्या ओसरीवर भरत असे तेव्हाची गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात खोंडांना औताची सवय लावणारा एक माणूस राहत होता. त्याचं नाव खेमा. त्याला अक्षरओळख नव्हती आणि तो बोलायचाही कमी. पण आसपासच्या दहा गावांतले लोक आपले खोंड त्याच्याच अंगणात आणून बांधायचे.

खेमाची एक रीत होती. खोंड आला की तो आधी त्याचा जबडा उघडून दात बघायचा. दुधाचे दात पडून पुढचे दोन मोठे दात आलेले असले तर ठीक. नसले, तर खोंड अंगानं कितीही भरलेला असो, मालक कितीही मोठा असो, खेमा दावं परत मालकाच्या हातात द्यायचा.

"मान अजून कोवळी आहे," एवढंच म्हणायचा. "आज जू ठेवलंत तर जन्मभर वाकडा चालेल."

दात आलेल्या खोंडालाही पहिल्या दिवशी नुसतं रिकामं जू. मागे औत नाही, गाडी नाही. शेजारी एक शहाणा म्हातारा बैल. चार पावलं चालवायचं, जू उतरवायचं, मानेवरून हात फिरवायचा आणि चरायला सोडायचं. दुसऱ्या दिवशी सहा पावलं. एखादा खोंड घुंगरांच्या आवाजाला बिचकायचा. खेमा त्याला मारत नसे. तो घुंगरं काढून ठेवायचा. एखाद्याला उजवीकडचा जोडीदार चालायचा नाही, त्याला डावीकडे जोडीदार मिळायचा. गावातले लोक हसायचे. "खेमा बैल वळवतो की बैल खेमाला वळवतात?" पण खेमाच्या हातून गेलेला बैल कधी औतात बसला नाही आणि कधी कुणाला शिंग लावलं नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

या खेमाला सहा वर्षांची एक मुलगी होती, आवडी. तिची तऱ्हा जरा वेगळी होती. ती मोजकं बोलायची. कुणी एकदम अंगाला हात लावला तर आक्रसून जायची. मोठा आवाज झाला की दोन्ही कानांवर हात ठेवायची. चिंचोके लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं लावत तासभर बसायची आणि त्यातला एक जरी कुणी हलवला तरी तिचा जीव कासावीस व्हायचा. गावात तिच्यासारखी आणखी दोन मुलं होती. लोक त्यांना हट्टी म्हणायचे, कुणी खुळी म्हणायचे. खेमाची बायको भागू मात्र म्हणायची, "खुळी कशानं? तिला आपल्यापेक्षा जास्त ऐकू येतं, एवढंच."

आवडीला अक्षरं आवडायची. शाळेत घातली तेव्हा पहिले काही दिवस ती आपण होऊन चुलीजवळच्या राखेत 'ग' काढत बसायची. त्याची गाठ नीट गोल झाली नाही तर पुसायची, पुन्हा काढायची. मनासारखा झाला की तोंडावर हात ठेवून हसायची.

पण शाळा म्हणजे चाळीस पोरांचा गलका. पाढे ओरडून म्हणायचे, वर पंतोजी काशाची थाळी बडवायचे. आवडी दिवसभर स्वतःला मुठीत धरून बसायची. घरी आली की तडक गोठ्यात जायची, म्हाताऱ्या बैलाच्या पोटाला पाठ टेकायची आणि डोळे मिटायची. तो रवंथ करायचा आणि ती हळूहळू सैल व्हायची. दिवेलागणीपर्यंत तिला तेवढंच लागायचं. त्यानंतर ती जेवायची, दोन शब्द बोलायची, झोपायची.

आता झालं काय, पंतोजी पोरांना घरून गिरवून आणायला पाच ओळींचा कित्ता द्यायचे. त्यावर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. पण नदीपलीकडच्या गावात वीस ओळी देतात अशी बातमी आली, आणि आपल्या गावाच्या पोटात दुखायला लागलं.

"आपला पंतोजी आळशी आहे," लोक पारावर म्हणू लागले. "पोरं संध्याकाळभर उनाडतात. पाच ओळींनी कुणी शहाणं होतं का?"

पंतोजींनी वीस केल्या. पलीकडच्यांनी तीस केल्या. यांनी पस्तीस, त्यांनी चाळीस. शेवटी आपल्या गावानं पन्नास ओळींवर झेंडा रोवला. पाच वर्षांच्या पोराला पन्नास, बारा वर्षांच्या पोराला पन्नास. घरोघरी लिहिलेले कागद दारावर तोरणासारखे लावायची पद्धत पडली. येणारा-जाणारा बघायचा आणि मान डोलवायचा. म्हातारीकोतारीसुद्धा एकमेकींना विचारायच्या, "तुमच्या नातवाच्या झाल्या का गं पन्नास?"

पोरांना कुणी विचारलं नाही. पोरांना कोण विचारतं!

संध्याकाळी सूरपारंब्यांच्या वडाखाली चिटपाखरू दिसेना. विट्या-दांडू माळ्यावर गेले. घराघरातून एकच आवाज यायचा, "बस खाली! किती झाल्या?" पोरं पेंगायची, रडायची, मार खायची. आणि मग जे व्हायचं तेच झालं. आयांना पोरांची कीव आली, बापांना शेजाऱ्यांची लाज वाटली आणि आयाबापच बोरू घेऊन बसले. वर्षभरात गावातल्या आयाबापांचं अक्षर फार सुधारलं. पोरांचं काय झालं, ते पुढे कळेलच.

खेमाच्या घरात बोरू धरता येणारं दुसरं कुणी नव्हतं. तिथे आवडीच एकटी बसायची. एक अक्षर मनासारखं झाल्याशिवाय ती दुसऱ्याला हात लावायची नाही. सगळ्यांची जेवणं उरकायची तरी तिच्या जेमतेम बारा ओळी व्हायच्या. गोठ्यात जायला वेळ उरला नाही. बैलाला टेकणं सुटलं. आधी तिचं जेवण तुटलं, मग झोप तुटली, मग सकाळी शाळेचं नाव काढलं की ती स्वतःचं मनगट चावायला लागली.

भागू म्हणाली, "अहो, हे बरं दिसत नाही."

खेमा म्हणाला, "सगळ्यांची पोरं करतात. आपलीच मागे राहिली तर उद्या लोक तिला खुळीच म्हणतील. सवय होईल तिला."

एका संध्याकाळी आवडीनं बोरू खाली ठेवला तो उचलेना. शेजारच्या दारावर पन्नास ओळींचं तोरण फडफडत होतं. खेमानं ते पाहिलं आणि त्याला काय झालं कुणास ठाऊक, त्यानं आवडीचं मनगट धरलं, बोटांत बोरू कोंबला आणि तिचा हात कागदावरून ओढत ओढत एक ओळ पुरी केली.

आवडी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिचा हात नुसता चिंधीसारखा सैल पडला. त्या दिवसापासून तिनं बोलणं टाकलं. चिंचोके मांडणं टाकलं. राखेजवळ गेली तरी बोट लावीना.

चार दिवसांनी पाटील एक खोंड घेऊन खेमाच्या अंगणात आले. खोंड देखणा होता, पांढराशुभ्र, रुंद छातीचा. बरोबर दोन गडी होते.

"खेमा, महिन्याभरात याला गाडीला तयार कर. जत्रेत पळवायचाय. पलीकडच्या गावानं याच्या वयाचा खोंड गाडीला लावलाय."

खेमानं एका गड्याला शिंगं धरायला लावली, दुसऱ्याला दावं, आणि जबडा उघडला. आत सगळे दुधाचे दात.

"नाही जमायचं, पाटील."

"अरे, अंग बघ त्याचं!"

"अंग बघून काय करू? आतून लेकरू आहे ते."

"पलीकडच्यांनी लावलाय ना!"

"त्यांनी विहिरीत उडी मारली तर आपण मारायची का?" खेमाचा आवाज चढला. तो सहसा चढत नसे. "त्या मुक्या जिवाला सांगता येत नाही, मला दुखतंय म्हणून. म्हणून काय कुणीही उठावं आणि त्याच्या मानेवर ओझं ठेवावं? न्या याला परत!"

पाटील चपापले. खोंडाला घेऊन पाय आपटत निघून गेले. खेमानं रांजणाशी हात धुतले आणि वळला, तर दारात भागू उभी.

"झालं बोलून?" ती म्हणाली.

"काय चुकलं माझं?"

"काही नाही. खोंडाचे दात बघायला तीन माणसं लागली. आपल्या पोरीचा पुढचा दुधाचा दात काल पडला. कुणी बघितला?"

खेमाच्या हातावरून पाणी गळत होतं. भागूनं पदराच्या गाठीतून एक इवलासा दात काढून त्याच्या ओल्या तळहातावर ठेवला आणि ती आत गेली.

खेमा बराच वेळ त्या दाताकडे बघत होता. तांदळाच्या कणीएवढा होता तो. मग तो गोठ्याच्या पायरीवर बसला आणि उपरण्यात तोंड घालून रडला. जनावराच्या बाबतीत जे त्याला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं, ते पोटच्या पोरीच्या बाबतीत त्याला सुचलं नव्हतं. का, तर शेजारच्या दारावर तोरण होतं!

त्याच आठवड्यात दवंडी आली. राजाची थोरली बहीण शाळा बघत फिरत होती. ज्या गावातल्या घरोघरचा कित्ता पुरा असेल, त्या गावाला ती मानाचं निशाण देणार होती. आपल्या गावात आनंदाला भरतं आलं. पंतोजींनी सगळ्यांना बजावलं, "एक जरी कागद कोरा आला तरी निशाण गेलं म्हणून समजा."

राजाची बहीण यायच्या आदल्या दिवशी पाटील पुन्हा खेमाकडे आले. या वेळी गोड बोलत होते.

"खेमा, तुझ्या पोरीचं अडलंय असं कळलं. काळजी करू नकोस. माझी धाकटी सून लिहून देईल पन्नास ओळी. सगळेच देतात, त्यात काय! तू फक्त कागद पाठव."

"नको, पाटील."

"अरे, कोण बघतंय?"

"आवडी बघते आहे."

पाटलांचा गोडवा उतरला. "हे बघ, निशाण गेलं तर गाव तुला सोडणार नाही. तुझ्या अंगणात एक खोंड येऊ देणार नाही मी. खाशील काय?"

खेमानं मान खाली घातली. पाटील बोलतात ते करतात, हे त्याला माहीत होतं. एकीकडे पन्नास खोट्या ओळी आणि पोटाची भाकरी, दुसरीकडे एक कोरा कागद. त्यानं आत पाहिलं. आवडी भिंतीकडे तोंड करून बसली होती, हात मांडीखाली दाबलेले, पुन्हा कुणी धरू नये म्हणून.

"कोरा कागद येईल," खेमा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी देवळाची ओसरी रांगोळ्यांनी भरली. बाईसाहेब आल्या. केस पांढरे, चाल सावकाश, नजर मात्र पक्की. पंतोजींनी कागदांची चळत पुढे ठेवली. त्या एकेक कागद बघू लागल्या.

"वा! अक्षर सुरेख आहे. पाच वर्षांच्या मुलाचं एवढं वळणदार अक्षर मी पाहिलं नव्हतं. हा कुणाचा?"

एक बारकं पोर पुढे ढकललं गेलं.

"बाळ, माझ्यासमोर एक ओळ काढतोस?"

पोरानं बोरू हातात घेतला. कागदावर एक शाईचा डाग पडला, मग दुसरा. मग ते भोकाड पसरून म्हणालं, "हे आईनं लिहिलंय!"

"आणि तुझं रे?"

"काकानं."

"तुझं गं?"

"आजोबांनी. पण त्यांना दिसत नाही म्हणून खालचं आत्यानं."

एखाददुसरा हसला. बाकी सगळे आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघू लागले. बाईसाहेबांनी एकामागून एक अकरा पोरं उभी केली. वर्षभर पन्नास ओळी 'लिहिणाऱ्या' त्या पोरांपैकी कुणालाही आपलं नाव धड काढता आलं नाही. बोरू दिसला की त्यांची पोटं दुखत.

चळतीच्या तळाशी एक कोरा कागद निघाला. पंतोजी घाईघाईनं म्हणाले, "बाईसाहेब, तो या खेमाच्या पोरीचा. ती जरा तशीच आहे. गावाला डाग लावला हो त्यानं."

खेमा उठला. चार माणसांत बोलायची त्याला सवय नव्हती. तो थांबत थांबत बोलला.

"डाग लावला असेल तर मी लावला, बाईसाहेब. कागद कोरा आहे म्हणून नाही. एक दिवस मी माझ्या पोरीचा हात धरून ओळ पुरी केली म्हणून. मी बैल वळवणारा माणूस. दुधाचे दात असलेल्या खोंडावर मी जू ठेवत नाही. घुंगरांना बिचकतो त्याची घुंगरं काढतो. सगळं गाव ते बघतं आणि मला शहाणा म्हणतं. आणि इथे सगळ्या पोरांचे दुधाचे दात पडतायत, दिवसभर शाळा ओढून आलेली असतात, आणि घरी आली की आम्ही पुन्हा त्यांना जुंपतो. माझी पोर गलक्यातून येते तेव्हा तिचं अंग सोलल्यासारखं झालेलं असतं. तिला संध्याकाळ हवी होती. नुसती संध्याकाळ! ती आम्ही तिच्याकडून काढून घेतली. कशासाठी? दारावर टांगायला. पलीकडच्या गावाला दाखवायला. जनावराला आम्ही तुडवत नाही आणि लेकरांना तुडवतो. आम्हाला लाज कशी नाही वाटत?"

बाईसाहेबांनी निशाणाची घडी घातली आणि ती सेवकाच्या हातात दिली. "हे निशाण पोरांसाठी होतं," त्या म्हणाल्या. "इथे पोरांनी लिहिलेला मला एकही कागद दिसला नाही. या मुलीचा कोरा कागद तेवढा खरा आहे." आणि पाणीसुद्धा न घेता त्या निघून गेल्या.

गाव खेमावर चिडलं. महिनाभर त्याला कुणी रामराम घातला नाही. अंगणात एकही खोंड आला नाही. भागू शेजारणीकडे विस्तव मागायला गेली तर शेजारीण म्हणाली, "आमचा विझलाय." खेमानं परक्या गावात जाऊन लाकडं फोडली आणि घर चालवलं. आवडीला त्यानं शाळेत पाठवलं नाही. ती दिवसभर बैलाला टेकून बसायची. खेमा तिच्याशी बोलायचाही नाही. येता-जाता हातभर लांब बसायचा, एवढंच.

पण खोटं उघडं पडल्यावर दारावर तोरण लावायची हिंमत कुणाला होईना. आधी एका आईनं पोराला अंगणात सोडलं, मग दुसरीनं. वडाच्या पारंब्या पुन्हा हलायला लागल्या.

असे आणखी तीन महिने गेले आणि एका दुपारी पंतोजी स्वतः खेमाकडे आले. अंगणात घोंगडी टाकली होती, तिच्यावर ते अवघडून बसले.

"खेमा, मी काही कसाई नाही रे. पाच ओळी देत होतो तर हेच लोक मला आळशी म्हणाले."

"खरं आहे, पंतोजी. त्यात मीही होतो."

"मग आता तूच सांग, किती कित्ता द्यावा?"

"मला वाचता येत नाही. आकडा मी कसा सांगू?" खेमा म्हणाला. "पण पहिला खोंड चालला म्हणून तेवढीच पावलं मी दुसऱ्याला चालवत नाही. आणि खोंड धापा टाकायच्या आत जू उतरवतो, नंतर नाही. उद्या तो आपण होऊन जुवाजवळ यायला हवा ना!"

पंतोजी म्हणाले, "दुधाचे दात असेपर्यंत घरी काही नाही. शाळेत करतील तेवढं पुष्कळ. मोठ्यांना दोन ओळी, त्याही भात शिजेपर्यंत झाल्या तर झाल्या, नाहीतर राहिल्या. कुणाच्या आईनं लिहिल्या तर आईलाच शाळेत बोलावीन." मग गोठ्याकडे बघत हळू आवाजात म्हणाले, "आणि आवडीला देवळाच्या मागच्या पडवीत बसवीन. तिथे गलका येत नाही. थाळी वाजवणं तर मी सोडूनच देतो. माझेही कान दुखतात तिनं."

पंतोजी गेले. ऊन कलत आलं होतं. खेमा गोठ्यात गेला आणि नेहमीसारखा हातभर अंतरावर बसला. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही, समोरच्या गव्हाणीकडे पाहिलं.

"आवडे, उद्या शाळेत जायचं का? पंतोजींनी तुला निवांत जागा दिली आहे. नाही म्हणालीस तरी चालेल."

बैल रवंथ करत राहिला. खेमानं घाई केली नाही. बाहेर पोरांचा खेळ रंगात आला, कुणीतरी बाद झालं, त्यावरून भांडण झालं, ते मिटलंही. एवढ्या वेळानं आवडीचे ओठ हलले. चार महिन्यांनी तिचा आवाज घरात उमटला, तोही एवढासा.

"परवा," ती म्हणाली.

खेमाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पण त्यानं तिला जवळ ओढलं नाही.

"बरं," तो म्हणाला. "परवा."

आणि ते परवाच गेले.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: लेकराला किती झेपेल ते लेकराकडे बघून ठरवावं, शेजाऱ्याच्या दाराकडे बघून नव्हे. आणि ज्याला 'पुरे' म्हणता येत नाही, त्याच्या वतीनं ते म्हणणं मोठ्यांचं काम आहे.